पथकर की वतन?

२०२५ च्या ८ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. महाराष्ट्राच्या राजधानीला दुसऱ्या विमानतळाची निकड होती, ती भागली. ज्यांनी ती भागविली त्यांचे अभिनंदन करण्यात आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. विमानतळ झाला म्हणजे त्याकडे जाणारा रस्ताही त्याच्या तोलाचा हवा. शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा पावणेबावीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला होताच. आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत शहराच्या पोटातून भुयारी मार्ग खणण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. दक्षिण मुंबईतील गृहस्थाने घरातून निघावे, भुयारातून जावे, समुद्र ओलांडावा आणि वाटेत कोठेही न खोळंबता विमानात बसावे, असा हा बेत आहे. बेत उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की त्याचे पैसे कोणी द्यावयाचे आणि किती काळ द्यावयाचे?

मुंबईच्या भुयाराची चिंता वऱ्हाडातील वृत्तपत्राने कशाला वाहावी, असे कोणी विचारील. पातूरच्या माणसाचा त्या सेतूशी आणि त्या भुयाराशी संबंध तो काय? आमचे म्हणणे असे, की पातूरकडे पाहिल्याखेरीज या प्रश्नाचे खरे रूप ध्यानातच येणार नाही.

पातूर हे पहिल्यापासून वाटेवरचे गाव. पयनघाटाची काळी सपाटी जेथे संपते आणि बालाघाटाचा चढ जेथे सुरू होतो, त्या पायथ्याशी ते वसले आहे. गावाजवळच्या टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी आणि शेखबाबूंचा दर्गा पाहिला म्हणजे या वाटेने किती शतके माणसे येत-जात असतील याची कल्पना येते. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आजही पातूरवरूनच घाट चढतो. घाट चढून मेडशीमार्गे मालेगाव गाठले की नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग लागतो. म्हणजे पातूरच्या लिंबाच्या बागेतून निघालेला किंवा अकोल्याच्या गिरणीतून तूरडाळ घेऊन निघालेला मालमोटारवाला या महामार्गाने मुंबईस जाऊ शकतो; इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरांच्या बोगद्यातून सह्याद्री ओलांडू शकतो. सोय झाली, वेळ वाचला, हे आम्ही मान्य करतो. परंतु वाटेत तो पथकर भरतो, डिझेलवरील कर आणि उपकर भरतो आणि अखेर मुंबईच्या वेशीवर येऊन पुन्हा पथकर भरतो.

त्याच वेशीवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री काय घडले याचे वाचकांस स्मरण असेलच. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाच नाक्यांवर मोटारी व इतर हलकी वाहने पथकरातून मुक्त झाली. विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली, हा योगायोग आम्ही क्षणभर बाजूस ठेवतो. माफी मिळाली ती मोटारीला; मालमोटारीला मिळाली नाही. मोटारीत बसून जाणाऱ्याचा पथकर गेला. त्याच्या ताटातील डाळ ज्या मालमोटारीतून आली तिचा मात्र राहिला. शिवाय करार मोडून कोणास माफी दिली म्हणजे ठेकेदाराची भरपाई कोणावर तरी पडतेच. ती कधी थेट तिजोरीतून होते, तर कधी मुदत वाढवून मागाहून येणाऱ्या वाहनांकडून होते. त्या तिजोरीत पातूरच्या माणसाचीही कवडी आहे आणि मागाहून येणाऱ्या वाहनांत त्याच्या मालाचीही मालमोटार आहे. मुंबईच्या रस्त्यांशी पातूरचा संबंध आहे तो असा. तो पैशाचा आहे.

यावरून आम्ही पथकराचे वैरी आहोत असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. 'टोल बंद करा' ही घोषणा देण्यास सोपी आणि टाळ्या मिळविण्यास हमखास. पण ती विचाराची नव्हे. डोंगर पोखरणे किंवा समुद्रावर सेतू बांधणे हे हजारो कोटींचे काम असते. शासनाच्या पदरी तेवढी पुंजी एकरकमी नसते, म्हणून कर्ज काढावे लागते किंवा खाजगी भांडवलदाराला बोलवावे लागते. आणि जो रस्ता वापरील त्याने ते कर्ज हप्त्याहप्त्याने फेडावे, हा व्यवहार न्यायाचाच आहे. जो कधी विमानात बसला नाही त्याच्या करातून विमानतळाचा रस्ता बांधण्यापेक्षा, जो त्या रस्त्याने विमानतळावर जातो त्याने त्याचे पैसे द्यावेत, हे शतपटीने बरे. अटल सेतू मोटारीस एका फेरीला २५० रुपये या दराने खुला झाला, तेव्हा त्यावर पुष्कळ नाके मुरडली गेली. आमचे नाक त्यांत नव्हते. जुनी वाट मोकळी आहे. ज्याला घाई आहे त्याने घाईचे मोल द्यावे.

आमचा आक्षेप पथकराला नाही. तो पथकराचे वतन होण्याला आहे. कर्ज आणि वतन यांत भेद एवढाच की कर्ज फिटते आणि वतन पिढ्यान्‌पिढ्या चालते. पथकर लावताना तो कर्ज म्हणून लावला जातो. वसूल करताना मात्र हळूहळू त्याचे वतन बनते. आणि हे इतक्या बिनबोभाट घडते की वतनदार कोण, हेही लोकांस कळत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. हा मार्ग महाराष्ट्राचे भूषण आहे यात शंका नाही. २००४ साली त्याच्या पथकर वसुलीचे काम ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन पंधरा वर्षांसाठी ठेक्याने देण्यात आले. ती मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. मुदत संपली, पण नाका उठला नाही. २०२० मध्ये ८,२६२ कोटी रुपयांचा नवा ठेका दिला गेला आणि वसुली पुढे चालू राहिली. यात बेकायदा काही झाले असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याची देखभाल, रुंदीकरण, नवी कामे ही कारणे देता येतात आणि ती दिलीही जातात. परंतु २००४ साली त्या नाक्यावर थांबलेल्या प्रवाशाला २०१९ ही जी तारीख दिसत होती, ती त्याच्या दृष्टीने एक वचन होते. ते वचन कोणी आणि कोणाला विचारून मोडले? एक काम संपण्याआधी दुसरे काढावयाचे आणि दुसऱ्याच्या नावाने पहिल्याची वसुली चालवावयाची, हा हिशेब सावकारी वहीत आम्ही पाहिला आहे. लोकशाही शासनाच्या दप्तरात तो शोभत नाही.

दिल्ली आणि नोएडा यांस जोडणाऱ्या उड्डाणमार्गाची कथा तर याहून बोलकी आहे. १९९७ च्या करारात भांडवलावर दरसाल वीस टक्के परतावा मिळेपर्यंत पथकर घेण्याची मुभा ठेकेदार कंपनीला होती आणि जो परतावा मिळाला नाही तो मूळ खर्चात मिळविला जाणार होता. मार्ग २००१ साली खुला झाला. वर्षे लोटली, लाखो वाहने गेली, पैसे गोळा झाले. परंतु कागदावरचे देणे कमी होण्याऐवजी फुगतच गेले. असे देणे कधी फिटावे? अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ साली ही वसुली थांबविली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. कंपनीने आपला खर्च आणि वाजवी नफा केव्हाच वसूल केला आहे, असे न्यायालयाला दिसून आले. जे न्यायालयाला दिसले ते करार लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना का दिसू नये? आणि दिसले असेल, तर त्यांनी त्यावर सही का केली?

कोणी म्हणेल, भांडवल घालणाराही धोका पत्करतोच की! खरे आहे; आणि तो धोका खराखुरा असेल तेथे आम्ही त्याच्या नफ्याला नावे ठेवणार नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात विमानतळाकडे जाणारा सुमारे पावणेसात किलोमीटरांचा असाच एक पथकराचा मार्ग, बहुतांशी बोगद्यातून जाणारा, २०१२ च्या जुलैत सुरू झाला. त्यावरून रोज किती वाहने जातील याचे मोठमोठे आकडे आधी मांडले गेले होते. प्रत्यक्षात त्यांच्या निम्मीही वाहने गेली नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे अवघ्या सात महिन्यांत, ती कंपनी कोलमडली. भागधारक बुडाले, पण बोगदा राहिला आणि तो आजही वाहतुकीस खुला आहे. तेथे धोका ज्याने घेतला त्याला भोवला. आपल्याकडे मात्र अंदाज फसला तर मुदतवाढ आणि अंदाज बरोबर ठरला तरी मुदतवाढ, असा न्याय चालतो. ज्या व्यवहारात बुडण्याची भीती नाही, त्यात वीस टक्के नफा कशाचा?

राष्ट्रीय महामार्गांची स्थितीही याहून वेगळी नाही. २००८ च्या नियमांत एक दिलासा होता : रस्त्याचा खर्च वसूल झाला किंवा ठेक्याची मुदत संपली म्हणजे पथकराचा दर चाळीस टक्क्यांवर आणावयाचा. तो पुरता बंद व्हावयाचा नव्हता, परंतु फिटलेल्या कर्जाची निदान एवढी तरी खूण राहावयाची. ऑक्टोबर २०२३ मधील दुरुस्तीने ती खूणही पुसली. आता खर्च वसूल झाल्यावरही पूर्ण दराने वसुली चालू ठेवता येते. म्हणजे पथकर हे कर्ज आहे हे तत्त्वच सोडून देण्यात आले आणि त्यावर संसदेत किंवा संसदेबाहेर व्हावयास हवी तेवढी चर्चाही झाली नाही. जुलै २०२५ मध्ये याच नियमांत एक चांगली दुरुस्तीही झाली, तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. पूर्वी रस्त्यात पूल, बोगदा किंवा उन्नत मार्ग असला तर त्याची लांबी दहापट धरून पथकर आकारला जाई; आता तसे करून, किंवा संपूर्ण टापूची लांबी पाचपट धरून, यांपैकी जी आकारणी कमी होईल तीच घ्यावयाची आहे. शासनाला इच्छा असली म्हणजे प्रवाशाचा भार हलका करता येतो, याचा हा पुरावा आहे.

परंतु सवलती कोणाच्या वाट्यास येतात, तेही पाहावयास हवे. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक परवाना मिळू लागला तो राष्ट्रीय महामार्गांवरील खाजगी मोटारींना. मुंबईच्या पाच नाक्यांवरील माफी मोटारींना. उलट समृद्धी महामार्गाचे दर १ एप्रिल २०२५ पासून सुमारे एकोणीस टक्क्यांनी चढले, आणि तेही इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होण्याच्या दोन महिने आधी! आमचा वाचकवर्ग मोटारी बाळगणारा आहे, किंवा उद्या बाळगू इच्छिणारा आहे, हे आम्ही जाणतो. मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाकडे जाताना ही सवलत त्यालाही गोड लागेल. तरीही आम्ही त्याला विनंती करतो, की या सवलतीचा आनंद मानताना आपल्या पुढे उभ्या असलेल्या मालमोटारीकडे आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या एस. टी. च्या गाडीकडे एकदा पाहावे. २०१५ च्या जूनमध्ये राज्य शासनाने बारा नाके बंद केले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारींबरोबर एस. टी. च्या गाड्यांनाही माफी दिली, तेव्हा निदान एस. टी. तून जाणाऱ्याची आठवण ठेवली गेली होती. ती आठवण पुढच्या प्रत्येक निर्णयात का नसावी?

या संदर्भात आम्हांस मुंबईतीलच एक जुनी गोष्ट आठवते. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील माहीमच्या खाडीवर बांध घालावा अशी लोकांची मागणी होती. कंपनी सरकार पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले, आणि देताना अट घातली ती एकच : या बांधावर कोणाकडूनही पथकर घेतला जाऊ नये. १८४५ साली तो मार्ग खुला झाला. आजचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ त्याच साष्टीच्या बाजूस आहे. म्हणजे शहरातून विमानतळाकडे नेणारी ती जुनी वाट एका बाईच्या अटीमुळे पथकरावाचून चालू राहिली. तिच्या शेजारून २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, तो पथकराचा. आज कोणी दानशूर पुढे येऊन भुयार खणून देईल अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. काळ बदलला आहे आणि खर्चही. परंतु अवाबाईंना जे सुचले ते आपल्या शासनकर्त्यांना सुचू नये काय? पैसे देण्यापूर्वी त्यांनी अट घातली होती. आपण पैसे देतो, पण अट घालीत नाही.

म्हणून आता अटी घालण्याची वेळ आली आहे. पहिली अट हिशेबाची. प्रत्येक पथकर नाक्यावर, दरांच्या फलकाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत, चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : रस्त्यास खर्च किती झाला, आजवर वसूल किती झाले, देखभालीस किती लागले आणि वसुली कोणत्या दिवशी थांबणार. हा हिशेब दरसाल विधिमंडळापुढे ठेवला जावा आणि महालेखापरीक्षकांनी तो तपासावा. दुसरी अट मुदतीची. एकदा ठरलेली तारीख बदलावयाची असेल, तर ती मंत्रालयातील टिपणीने न बदलता विधिमंडळात चर्चा होऊन बदलली जावी. तिसरी अट सवलतीची. जो मंत्री सवलत जाहीर करील त्याने त्याच श्वासात तिची किंमत कोण भरणार हेही जाहीर करावे. आणि माफी द्यावयाचीच तर पहिली एस. टी. च्या गाडीला द्यावी, मग मोटारीला. चौथी अट रस्त्याच्या स्थितीची. केरळमध्ये खड्ड्यांनी आणि कोंडीने ग्रासलेल्या महामार्गावरील पालियेक्करा नाक्याची वसुली तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबविली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. जेथे रस्ता नाही तेथे पथकर नाही, हे साधे तत्त्व. त्यासाठी दर वेळी न्यायालयाचे दार ठोठवावे लागू नये.

या मागण्या कोणा पक्षाच्या विरुद्ध नाहीत. १९९७ पासून आजवर अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली. पथकराच्या बाबतीत सर्वांचीच वही सारख्याच शाईने लिहिलेली आहे. लोकांनी मनात आणले तर काय होते हे कोल्हापूरने दाखविले आहे. शहरातील रस्त्यांवर बसविलेल्या पथकराविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली तेथील नागरिक वर्षानुवर्षे झगडले आणि अखेर तो रद्द झाला. परंतु प्रत्येक शहराने रस्त्यावर उतरावे आणि मग ठेकेदाराची भरपाई तिजोरीतून व्हावी, हा मार्ग महाग आहे. करार लिहितानाच तो नीट लिहिला गेला, तर आंदोलनही नको आणि भरपाईही नको.

वऱ्हाडालाही लवकरच याचा विचार करावा लागणार आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तिची लांबी वाढविण्याचा प्रश्न, कृषी विद्यापीठाच्या जमिनीसह, वर्षानुवर्षे चर्चेत आहे. तो आज ना उद्या सुटेल असा आम्हांस विश्वास आहे. मग शिवणीकडे जाणारे रस्ते रुंद होतील, उड्डाणपूल होतील, आणि कोणी सांगावे, एखादा नाकाही येईल. त्या दिवशी पातूरचा माणूस आपल्या मुलाला विमानात बसवून देण्यासाठी अकोल्यास येईल आणि नाक्यावर खिशात हात घालील. त्याने तो आनंदाने घालावा असे आम्हांस वाटते. पण किती दिवस घालावयाचा, हे त्याला आधी कळले पाहिजे.

आमच्या खेड्यापाड्यांतला शेतकरी कर्जाला भीत नाही. तो भितो ते न फिटणाऱ्या कर्जाला. व्याजाचा शेवटचा रुपया मोजून दिला म्हणजे कर्जखत चारचौघांसमोर फाडून टाकण्याची रीत त्याला ठाऊक आहे. जो सावकार खत फाडीत नाही त्याला तो काय म्हणतो, तेही सर्वांस ठाऊक आहे. सेतू बांधा, भुयारे खणा, विमानतळ उभारा, आणि त्यांसाठी लागेल तेवढा पथकरही घ्या. परंतु खत कोणत्या दिवशी फाडणार, ती तारीख आजच सांगा.